पत्ता सांगणे हे भाषेचे काम आहे

मराठी गद्याच्या प्रारंभकाळाविषयी वर्गात बोलताना आपण 'लीळाचरित्रा'पाशी रेंगाळतो आणि 'स्थानपोथी'वरून घाईने पुढे जातो. चक्रधरस्वामींचा वास जिथे जिथे घडला, त्या स्थानांची ती नोंद. देऊळ कोठे, त्याचे दार कोणत्या दिशेला, अमुक स्थान तमुकाच्या कोणीकडे, असा तिचा मजकूर. कथा नाही, अलंकार नाही. म्हणून अभ्यासक्रमात ती फार तर एका वाक्याची धनी. आमचे म्हणणे असे, की पत्ता नीट लिहून ठेवणे हे भाषेचे काम आहे, हे त्या पोथीच्या कर्त्याला जितके कळले होते तितके आज आपल्याला कळत नाही.

हे आठवण्याचे निमित्त ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा स्वयंसेवक रचतात. श्रेय द्यावे आणि सुधारलेली माहिती पुन्हा खुली ठेवावी, एवढ्या अटींवर तो कोणालाही वापरता येतो. आपल्या शहरांचे रस्ते त्यात आहेत, पूल आहेत, उपाहारगृहे तर आहेतच. घरांच्या आकृतीही पुष्कळ ठिकाणी आहेत; मात्र बहुतेक घरांना पत्ता नाही. चौकोन आहे, पण त्या चौकोनाला हाक कशी मारायची ते कोणी लिहिलेले नाही.

साहित्याच्या मंडळींचा यावर ठरलेला शेरा असतो: हे तंत्रज्ञांचे काम. आम्हांला हा शेरा आळसाचा वाटतो. त्या नकाशात पत्ते नोंदण्याची जी रीत रूढ झाली, ती जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहराच्या नावाने ओळखली जाते. रस्त्याचे नाव आणि त्या रस्त्यावरचा घरक्रमांक ही जोडी तिच्या मुळाशी आहे. जर्मन शहराला ती शोभते. पुण्याच्या जुन्या पेठांत मात्र क्रमांक रस्त्याचा नसतो, पेठेचा असतो. सदाशिव पेठेतले चार आकडी घर कोणत्या रस्त्यावर आहे, हे पत्रावर लिहिण्याची रीतच नाही. लिहायचेच तर 'खुन्या मुरलीधराजवळ' किंवा 'उपाशी विठोबापाशी' असे लिहितात. गिरगावात वाडीचे नाव पुढे येते, मग चाळ, मग खोली. खेड्यात आळी, आणि आळीत घराण्याचे नाव. ही अव्यवस्था नव्हे, निराळी व्याकरणे आहेत. रस्त्याऐवजी वस्तीचे नाव घालण्याची सोय त्या नकाशात आहे. तिचा उपयोग कोठे करावा, हे ज्याला 'पेठ', 'आळी', 'वाडी' आणि 'बोळ' यांतला फरक ठाऊक आहे तोच सांगू शकेल. तो जर वर्गात बसून परिभाषेवर टिपणे काढीत असेल, तर परक्या साच्यात आपली घरे कोंबली गेल्याची तक्रार त्याने करू नये.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: आता सांकेतिक अंक आले, शब्दांचा खटाटोप कशाला? १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. टपाल खात्यातले हे अधिकारी संस्कृतातले कवी आणि नाटककार होते. त्यांचा अंक पत्त्याच्या शेवटी येतो, पत्ता पुसून येत नाही. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. त्याने देशाचे सुमारे चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत दिला. यंत्राला तो उपयोगी पडेल, याबद्दल आमचा वाद नाही. पण चाळीच्या एका चौकोनावर तीन मजले उभे असतात, आणि रात्री धापा टाकत रुग्णवाहिका बोलावणाऱ्या म्हातारीच्या तोंडी दहा अक्षरे येत नाहीत. 'मारुतीच्या मागची दुसरी चाळ' हेच येते. ते शब्द नकाशाला कळले पाहिजेत.

तिसरा प्रश्न आम्हीच स्वतःला विचारतो, कारण तो सर्वांत अवघड आहे. आपले जुने पत्ते निरागस नाहीत. वस्तीच्या नावातच जात कोरलेली असते, आणि पत्ता सांगताच माणूस कोण ते ऐकणाऱ्याला कळते. अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. म्हणून 'लोक म्हणतात ते लिहा' एवढे सूत्र पुरे नाही. कोणते लोक? वस्तीबाहेरचे जे म्हणतात ते, की वस्तीतले स्वतःला जे म्हणवतात ते? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे: घराचे नाव घरातल्यांना विचारून लिहावे. उपग्रहाच्या चित्रावरून छप्पर दिसते, हे उत्तर दिसत नाही. त्यासाठी दारापर्यंत चालत जावे लागते. आणि ज्या झोपडपट्टीच्या दारांवर क्रमांकच नाहीत, तिथे तर आधी जावे लागते. कारण पत्ता नसलेल्याला शिधापत्रिकेपासून टपालापर्यंत प्रत्येक खिडकीवर तिष्ठावे लागते.

कोणी म्हणेल, खासगी कंपन्यांच्या नकाशांत हे सारे आहेच. असेल, पण ते त्यांचे आहे. तिथून एक ओळही उचलून खुल्या नकाशात घालता येत नाही, घालूही नये. कोणी खासगीपणाची काळजी काढील. ती रास्त आहे: क्रमांक, वाड्याचे नाव, पेठ एवढे लिहावे, आत कोण राहते ते लिहू नये.

मग करायचे काय? भाषाविभागांनी प्रकल्पाच्या नावाखाली ग्रंथालयातली जुनीच पुस्तके पुन्हा उतरवून घेण्याऐवजी, एका वर्गाने एक पेठ घ्यावी. दोघादोघांनी एकेक बोळ वाटून घ्यावा, दारावरच्या पाट्या वाचाव्यात, वहीत किंवा फोनवरच्या स्ट्रीटकम्प्लीटसारख्या साधनात क्रमांक टिपावेत, शंका आली तर ओट्यावर बसलेल्या आजींना विचारावे. नाव देवनागरीत लिहावे, ऱ्हस्वदीर्घ तपासावे. ते काम तरी आपल्याखेरीज कोण करणार? संध्याकाळी परत आल्यावर त्या नोंदी नकाशात भराव्यात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात 'स्थानपोथी' उघडावी. तिच्यावरून घाईने पुढे जाणे मग कोणाला जमणार नाही.