साथीदारांची नावे कोण भरणार?

सीडीवरचे गाणे संगणकावर उतरवताना दर्जाची चिंता करण्याचे आता फारसे कारण उरलेले नाही. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, दोन वाहिन्यांत नोंदलेले असतात. तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. फ्लॅक स्वरूपात तेच गाणे बहुधा निम्म्या ते दोनतृतीयांश जागेत मावते आणि मूळ ध्वनीतले काहीही गळत नाही. विंडोजवरचा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा मॅकवरचा एक्सएलडी हे प्रोग्रॅम शंकास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्याच सीडीच्या इतरांनी घेतलेल्या प्रतींशी आपली प्रत अ‍ॅक्युरेटरिप या सामायिक साठ्यामार्फत ताडून पाहतात. ती जुळली की ध्वनीचे काम संपले. पुढे तीच फाइल २४ बिटची केल्याने सीडीवर नसलेला तपशील त्यात येत नाही.

खरा त्रास नावांचा आहे. बहुतेक सीडींवर गाण्यांची नावे नोंदलेलीच नसतात. प्रोग्रॅम ट्रॅकच्या लांबीवरून सीडी ओळखतो आणि म्युझिकब्रेन्झसारख्या साठ्यातून माहिती मागवतो. तिथे ती कोणा श्रोत्याने भरलेली असेल तर मिळते, आणि मिळाली तरी ती बसवायचे नेहमीचे रकाने गाणे, कलाकार, अल्बम एवढेच. १९९६ साली एमपी३ साठी आलेल्या पहिल्या आयडी३ टॅगमध्ये या प्रत्येकाला ३० अक्षरे होती आणि संगीतप्रकारांची ८० नावांची यादी होती. त्या यादीत पोल्का होता, डेथ मेटल होते. हिंदुस्थानी रागसंगीत नव्हते. टॅग पुढे पुष्कळ सुधारले, पण बहुतेक प्लेअरची मांडणी आजही त्याच तीन रकान्यांभोवती फिरते.

ख्यालाच्या सीडीचे यात फार नुकसान होते. वेष्टनातल्या पुस्तिकेत बागेश्री, विलंबित एकताल, द्रुत तीनताल, तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर कोणते शिष्य, हे सगळे छापलेले असते. संगणकावर उरतो तो ‘ट्रॅक १’ आणि गायकाचे नाव. एकच बागेश्री रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, म्हणून शोधताना निम्मे बागेश्री हाती लागत नाहीत. कलाकाराच्या रकान्यात एका सीडीला तबलजींचे नाव जोडले आणि दुसरीला नाही, तर प्लेअर एकाच गायकाचे दोन गायक करतो.

नाट्यसंगीताची गत याहून वाईट. ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. सीडीवर त्यातले एखादे पद गाणारा गायक पुढच्या एखाद्या पिढीतला असतो. चौघांचाही त्या पदावर हक्क आहे. साठ्यातून आलेल्या माहितीत बहुधा शेवटचाच उरतो.

गीतरामायणात क्रमच मोडतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीते कथेच्या ओघाने बांधलेली आहेत. अनेक सीडींचा संच उतरवताना सीडीचा क्रमांक रिकामा राहिला, तर प्रत्येक सीडीतले पहिले गीत एकापाठोपाठ वाजते, मग सगळी दुसरी. फक्त नावानुसार लावली तर कथा अकारविल्हे चालते. ट्रॅक क्रमांकाशेजारचा तो छोटा आकडा भरायला क्षणही लागत नाही, आणि त्याच्यावाचून रामकथा विस्कटते.

यावर उपाय आहे. फ्लॅक फाइलमध्ये हवे तेवढे रकाने वाढवता येतात. रकान्याचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, आतला मजकूर देवनागरीत चालतो. राग, ताल, तबला, संवादिनी, ध्वनिमुद्रणाचे साल यांचे स्वतंत्र रकाने करावेत. सगळे प्लेअर ते दाखवत नाहीत, म्हणून राग आणि ताल गाण्याच्या नावातही लिहावेत. रागाचे रोमन स्पेलिंग एकदा ठरवून तेच सगळीकडे वापरावे. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील तर मध्ये खंड न पाडणारा प्लेअर निवडावा. पुस्तिकेची पाने स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावीत आणि सगळ्या संग्रहाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी.

ध्वनीची प्रत यंत्र बिनचूक काढते. कोणी वाजवले हे लिहिणे श्रोत्याच्या हाती आहे. संग्रह उतरवणाऱ्या प्रत्येकाने सीडी माळ्यावर टाकण्याआधी पुस्तिका उघडावी आणि तबलजी, पेटीवादक व तानपुऱ्यावरचे शिष्य यांची नावे स्वतः टाइप करावीत.