जॉर्ज बेलीचं काउंटर

मंडळी, 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) म्हणजे देवदूताचा गोड सिनेमा, असं आमची इंदूरची नातवंडं म्हणतात. मला नाही पटत. जेम्स स्टुअर्ट महायुद्धात बॉम्बर विमानं उडवून परतला, त्यानंतरचा हा त्याचा पहिला चित्रपट. तो थकवा चेहऱ्यावर दिसतो.

ठेवीदार पैसे काढायला धावून येतात, तो प्रसंग बघा. बायको मधुचंद्राचे २००० डॉलर पुढे करते आणि हा काउंटरमागे उभा राहून एकेकाला विचारतो, सध्या किती लागतील? पहिला गृहस्थ हटून पुरते २४२ घेतो. पुढे एक बाई साडेसतराच मागते, तर हा आनंदाने तिचा मुकाच घेतो! दिवसअखेर शिल्लक दोन डॉलर. कॅशला बसलेल्या माणसालाच त्या दोन डॉलरची किंमत कळेल.

पुढे काकाच्या हातून ८००० हरवतात तेव्हा तो मुलांवर खेकसतो, घरात आदळआपट करतो. भला माणूस असा चिडका दाखवायला धाडस लागतं. आपल्याकडे नायकाला रडवतात फक्त.

त्या वर्षीचं ऑस्कर फ्रेडरिक मार्चला गेलं. जाऊ दे. स्टुअर्टची बारमधली ती प्रार्थना पाहिल्यावर मार्च कुणाला आठवतो हो?