उपहास चालेल, पण कुणाचा?

‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ या कार्यक्रमात किकू शारदा हा अभिनेता ‘पलक’ नावाच्या स्थूल तरुणीचे सोंग घेऊन दीर्घकाळ प्रेक्षकांना हसवीत होता. स्त्रीचे जाडेपण हेच त्या विनोदाचे भांडवल. त्यासाठी त्याला कधी कोठडी पाहावी लागली नाही. याच किकूने डिसेंबर २०१५ मध्ये एका वाहिनीवर डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम याची नक्कल केली आणि जानेवारी २०१६ मध्ये हरयाणा पोलिसांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली त्याला अटक केली. ज्या बाबाच्या प्रतिष्ठेसाठी ही तत्परता दाखवली गेली, तो ऑगस्ट २०१७ मध्ये बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेला.

पडद्यावरील उपहासाचा वाद आपल्याकडे नेहमी ‘स्वातंत्र्य विरुद्ध मर्यादा’ अशा गुळगुळीत शब्दांत मांडला जातो. वरील उदाहरण पाहता तो तसा नाही. प्रश्न दिशेचा आहे. दुबळ्यावर केलेला विनोद मर्यादेत बसतो, सबळावर केलेला बसत नाही, हा अलिखित नियम आहे. आणि तो मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते.

महाराष्ट्राला हा नियम फार जुना नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’सारख्या वगनाट्यात दादा कोंडके रोजच्या राजकारणावर आयत्या वेळी कोट्या करीत आणि प्रेक्षक त्याचीच वाट पाहत. विजय तेंडुलकर आणि डॉ. जब्बार पटेल यांनी ‘सामना’तून साखर कारखानदारीतील सत्तेला थेट हात घातला. निळू फुले यांनी उभा केलेला हिंदुराव धोंडे-पाटील कोणत्या मातीतून आला, हे सांगण्याची गरज प्रेक्षकाला नव्हती. १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये तर खुद्द मुख्यमंत्र्यांचे आसनच कथेच्या केंद्रस्थानी होते. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर बेतलेल्या या चित्रपटाला मंत्रालयात चित्रीकरणाची परवानगी तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी दिली होती. राज्यकर्त्यांची लबाडी दाखवणाऱ्या चित्रपटासाठी राज्यकर्त्यांनीच दार उघडून द्यावे, ही गोष्ट आज दंतकथा वाटू शकेल. अर्थात त्या काळाला सोवळे नेसवण्याचेही कारण नाही. चारच वर्षांपूर्वी, आणीबाणीत, अमृत नहाटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती जप्त करून नष्ट करण्यात आल्या होत्या आणि नहाटांना १९७८ मध्ये तो चित्रपट नव्याने करावा लागला होता.

दूरचित्रवाणीची कथा अधिक विचित्र आहे. सरकारी मालकीच्या दूरदर्शनवर १९८८ मध्ये बासू चॅटर्जींची ‘कक्काजी कहिन’ ही मालिका आली. त्यात ओम पुरी यांनी रंगवलेला पुढारी हा राजकीय दलालीचा चालताबोलता नमुना होता. खासगी वाहिन्या आल्यावर उपहासाला मोकळे रान मिळेल, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. विनोदी कार्यक्रमांचे पीक आले. उपहास मात्र त्यातून निसटला. ‘चला हवा येऊ द्या’ने घराघरांत हशा पोचवला, हे खरेच. परंतु ज्या कार्यक्रमात नव्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी आलेली मंडळी पाहुणे म्हणून बसतात, तिथे पाहुण्याला बोचेल असे काय बोलणार? मग साडी नेसलेला पुरुष, बायकोचा बेढबपणा, सावळा रंग, बोलीचा हेल, हे हुकमी विषय उरतात. तमाशातही पुरुष स्त्रीवेश घेत, असे समर्थन यावर केले जाते. पण तमाशातल्या वगात कोतवालाचीही रेवडी उडवली जात असे, हे समर्थकांनी सोयीस्करपणे विसरायचे असते.

याला केवळ लेखकांचा आळस कारणीभूत नाही. १९९४च्या केबल टेलिव्हिजन नियमांतील कार्यक्रमसंहितेत एखाद्या व्यक्तीवर टीका करणारा वा तिची बदनामी करणारा कार्यक्रम दाखवू नये, असे कलम आहे. विशिष्ट वांशिक, भाषिक वा प्रादेशिक गटांचे चित्रण निंदेच्या, तुच्छतेच्या किंवा उपरोधाच्या सुरात करण्यासही ही संहिता मनाई करते. उपरोध हाच नियमभंग! अक्षरशः पाळायचे ठरवले तर एकही विनोदी कार्यक्रम प्रसारित होणार नाही. प्रत्यक्षात ही संहिता बहुतेक वेळ कपाटात पडून असते आणि तक्रार कोण करतो यावर ती बाहेर काढायची की नाही हे ठरते. बोलीची टिंगल झालेल्या माणसाला वाहिनीचा पत्ताही ठाऊक नसतो. पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांना तो पाठ असतो. जाहिरातदार गेले तर कार्यक्रम जातो, हे ओळखून असलेली वाहिनी मग संहितालेखनाच्या टप्प्यावरच कात्री चालवते. ही काटछाट कोणत्याही मंडळाच्या दप्तरात नोंदली जात नाही.

चित्रपटाने त्या मानाने तग धरला. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) गावाला रुग्णालय हवे असते आणि उभे राहते ते दत्ताचे मंदिर. श्रद्धेची खिल्ली न उडवता श्रद्धेच्या बाजारावर बोट कसे ठेवावे, याचा तो वस्तुपाठ होता. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आणखी पुढे जातो. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा खटला त्यात चालतो. हा खटला चालवणारी सरकारी वकील सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. नाटकाचा विषय परप्रांतीय जावयाची टर. सभागृह खळखळून हसते, वकीलबाईही हसतात. गाणारा कोठडीत आणि परक्याला हिणवणारा रंगमंचावर, या रचनेवर दिग्दर्शक एका शब्दाचेही भाष्य करीत नाही.

उपहास तर दूरच, नुसता इतिहास सांगणेही आता अवघड होते आहे. महात्मा फुले यांच्यावरील ‘फुले’ हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये त्यांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, प्रदर्शित होणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, परीक्षण मंडळाने जातिवाचक उल्लेखांत बदल सुचवले आणि तो २५ एप्रिलला पडद्यावर आला. वर्तमानात जात उच्चारणे एखाद्याला झोंबते म्हणून एकोणिसाव्या शतकातील पात्रांनीही ती उच्चारू नये, असा हा न्याय.

कायद्याची भूमिका मात्र संदिग्ध नाही. राखीव जागांवरील एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात, निदर्शनांच्या वा हिंसाचाराच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. तरीही मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या विडंबनगीतावरून मुंबईतील खार येथील ‘हॅबिटॅट’ची शिवसेना कार्यकर्त्यांनी मोडतोड केली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तिथे पोचले. कामराला पुढे उच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले. परंतु गाणे ज्याने लिहिलेही नव्हते, त्या सभागृहाच्या चालकांना आपला पडदा खाली ओढण्याची घोषणा करावी लागली.

पक्षाचा रंग बदलल्याने यात फरक पडत नाही, हे पश्चिम बंगालने दाखवून दिले आहे. अनिक दत्त यांचा ‘भोबिष्योतेर भूत’ हा भुतांच्या निमित्ताने राजकारणाला चिमटे काढणारा बंगाली चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शित झाला आणि दुसऱ्याच दिवशी चित्रपटगृहांतून नाहीसा झाला. त्याच्याकडे मंडळाचे प्रमाणपत्र होते आणि बंदीचा कोणताही अधिकृत आदेश नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये राज्य सरकारला निर्मात्यांस २० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. ही रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे ज्या प्रेक्षकांना तो चित्रपट पाहू दिला गेला नाही, त्यांच्याच खिशातून जाणार होती.