विश्लेषण : योगदिन पेरणीत, मग योग कधी? बदलती परंपरा आणि रोजचा अभ्यास यांचा मेळ कसा बसतो?

मालेगाव म्हटले की राज्याला नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर आठवते. वाशीम जिल्ह्यातले मालेगाव, ज्याला जुनी माणसे अजून मालेगाव जहांगीर म्हणतात, ते अकोला-वाशीम रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. २१ जूनच्या सकाळी राज्यात इतरत्र होते तेच इथेही होते. शाळेच्या मैदानात, कार्यालयांच्या आवारात सतरंज्या अंथरल्या जातात, पाऊण तासाचा ठरलेला कार्यक्रम होतो, छायाचित्रे आणि अहवाल वर जातात, सतरंज्या गुंडाळल्या जातात. तालुक्याचे लक्ष मात्र त्या दिवशी आभाळाकडे असते. मृग सरत असतो, आर्द्रा लागत असते आणि सोयाबीन-तुरीची पेरणी साधायची की आणखी दोन दिवस थांबायचे, हा घरोघरचा प्रश्न असतो. ज्याच्या शेतात ओल आली, तो त्या सकाळी ताडासनात उभा राहणार नाही. त्यात त्याचे काही चुकतही नाही.

संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी योगदिनाचा ठराव केला. १७७ देशांनी तो पुरस्कृत केला होता. २१ जून हा उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणून निवडला गेला. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वेळापत्रकाशी तो जुळत नाही, हा त्या तारखेचा दोष नव्हे. पण वर्षातला एक दिवस साजरा केला की योग झाला, ही समजूत त्यातून पक्की होते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो: रोज करायचा तो योग कोणता, आणि तो ‘खरा’ आहे हे ठरवायचे कोणी?

पाच हजार वर्षे जुना म्हणजे नेमके काय जुने?

योगाबद्दल दोन मते ठामपणे मांडली जातात. एक म्हणजे योग हजारो वर्षे आहे तसाच आहे, त्यात काना-मात्रेचाही बदल करू नये. दुसरे म्हणजे आज दिसतो तो योग विसाव्या शतकात व्यायामशाळांत घडला, त्याला परंपरा म्हणू नये. मार्क सिंगलटन यांच्या ‘योगा बॉडी’ या २०१० मधील पुस्तकानंतर दुसऱ्या मताला जोर आला. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण रोज पहाटे चटई टाकणाऱ्याला दोन्हींचा फारसा उपयोग नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या दोनशेच्या आत आहे. त्यांतली थेट आसनावरची सूत्रे तीन, आणि त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. त्यांना हवी होती ध्यानासाठी न डळमळणारी बैठक. आसनांची यादी पुढे वाढत गेली. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांच्या ‘हठयोगप्रदीपिके’त १५ आसने येतात, ‘घेरंडसंहिते’त ३२. बी. के. एस. अय्यंगार यांचे ‘लाइट ऑन योगा’ १९६६ मध्ये आले, त्यात हा आकडा दोनशेच्या घरात गेला. म्हणजे वाढ होत राहिली आणि ती कोणी लपवूनही ठेवली नाही.

यातले सर्वांत जवळचे उदाहरण मराठी वाचकाच्या घरातच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला कसे बसावे हे सांगितले आहे; कुंडलिनीचा उल्लेखही नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये त्याच अध्यायावर भाष्य करताना कुंडलिनी जागी होण्याचे सविस्तर वर्णन त्यात घातले. कारण त्यांची गुरुपरंपरा नाथांची. गहिनीनाथांकडून निवृत्तीनाथांकडे आणि तिथून त्यांच्याकडे आलेली. मूळ ग्रंथाचा मान ठेवून त्यात आपल्या गुरूचे शिक्षण ओतणे याला तेव्हा कोणी भेसळ म्हटले नाही.

सूर्यनमस्कार योगात कधी आले?

आज सूर्यनमस्कार म्हणजेच योग, असे मानणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची वाटेल. महाराष्ट्रात सूर्यनमस्कार जुने आहेत; तालमीत, मुंजीनंतरच्या दिनक्रमात, समर्थ रामदासांच्या नावाशी जोडलेल्या बलोपासनेत ते होते. पण ते योगासनांत मोजले जात नसत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार आयुष्यभर केला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि १९३८ मध्ये त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पंतप्रतिनिधींसाठी हा राष्ट्र सुदृढ करणारा व्यायाम होता.

याच काळात मुंबईत ‘द योगा इन्स्टिट्यूट’ चालवणारे योगेंद्र (संस्थेची स्थापना १९१८) यांचा त्याला चक्क विरोध होता. सूर्यनमस्कार ही सूर्योपासनेला जोडलेली कसरत आहे, ती योगात मिसळणे हे अजाणतेपणाचे लक्षण आहे, असे त्यांचे म्हणणे. आज त्यांची बाजू जवळपास कोणाला आठवत नाही. नमस्कार योगवर्गात आले आणि रुळले. गंमत म्हणजे २०१५ च्या पहिल्या योगदिनाच्या सरकारी कार्यक्रमात सूर्यनमस्कार नव्हतेच, आणि ते का नाहीत यावर तेव्हा बरीच चर्चा रंगली. परंपरेतून काय वगळले यावर रागावणाऱ्या अनेकांना ते परंपरेत कधी आले, याची कल्पना नसावी.

बदल करणारे परंपरेबाहेरचे होते का?

नव्हते. हाच या विषयातला कळीचा मुद्दा आहे.

योगेंद्र आणि कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद हे दोघेही माळसरच्या परमहंस माधवदासांचे शिष्य. कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात शिकलेले, पुढे अमळनेरला शिक्षक. गुरूकडून शिकलेल्या उड्डियान आणि नौली या क्रिया शरीरात नेमके काय करतात, हे त्यांनी क्ष-किरण यंत्राखाली आणि दाब मोजून पाहिले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हे आजही प्रत्येक वर्गात ऐकू येणारे वाक्य आहे. कुवलयानंदांनी ते मानले नाही. त्यांच्या मते प्राणायामातला प्राणवायूचा लाभ दुय्यम. खरे महत्त्व मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामाचे. गुरूवर श्रद्धा असलेला माणूस गुरूने दिलेली क्रिया रोज करत होता आणि तिचे लोकप्रिय स्पष्टीकरण नाकारतही होता. श्रद्धा आणि तपासणी यांत निवड करावी लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा माणूस वाचावा. शाळांमध्ये ओळीने, एका सुरात करायचा सांघिक योग हीदेखील बऱ्याच अंशी त्यांचीच देणगी. २१ जूनच्या मैदानी कार्यक्रमाचे मूळ तिथपर्यंत जाते.

अय्यंगार यांची गोष्ट वेगळी. डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून ते १९३७ मध्ये पुण्यात आले, काही महिन्यांसाठी, आणि कायमचे पुणेकर झाले. स्वतः लहानपणी आजारांनी पिचलेले असल्यामुळे ताठ, थकलेल्या, आजारी शरीराला आसन कसे द्यायचे हा त्यांचा प्रश्न होता. लाकडी ठोकळे, पट्टे, दोऱ्या, खुर्ची ही साधने त्यातून आली. कोणत्याही जुन्या ग्रंथात घडीची खुर्ची नाही. पण गुडघे वाकत नाहीत अशा कितीतरी माणसांसाठी योगाचे दार त्या खुर्चीने उघडले.

विदर्भाला जनार्दन स्वामींचे नाव सांगावे लागत नाही. कोकणातून आलेल्या या संन्याशाने नागपुरात योगाभ्यासी मंडळ सुरू केले, १९५१ मध्ये. त्यांनी नवे आसन शोधले नाही की यंत्र वापरले नाही. त्यांनी बदल केला तो व्यवहारात: वर्ग विनामूल्य, कोणीही यावे, शिकलेल्याने पुढे शिकवावे. शुल्काची पावती, ब्रँड, स्तरांची प्रमाणपत्रे या आजच्या बाजारात हा बदल सर्वांत अवघड म्हणावा लागेल.

मग काहीही चालते का?

परंपरा बदलत आली, म्हणून तिच्या नावाने काहीही खपवावे असे होत नाही. पतंजलींच्या आठ अंगांत आसनाचा क्रमांक तिसरा आहे. आधी यम, मग नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही पाच नावे वर्गात पाठ म्हणून घेतली जातात आणि पुढच्या मिनिटाला विसरली जातात. ती योगशिकवणुकीलाच लावून पाहिली तर बरेच काही स्पष्ट होते. शेजारच्यासारखा पाय डोक्यामागे जावा म्हणून गुडघा पिरगाळणे ही स्वतःवरची हिंसा. ‘आठ दिवसांत साखर जाईल’ असे सांगणे असत्य. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची मांडणी ऋषिमुनींच्या नावावर विकणे हे जवळजवळ अस्तेयाचे उल्लंघन.

यातला असत्याचा भाग सर्वांत घातक आहे, कारण त्याची किंमत ऐकणारा चुकवतो. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी योग सुरू केला म्हणून परस्पर बंद करणारी माणसे गावोगाव आहेत. नियमित योगाभ्यासाने रक्तदाब, झोप, कंबरदुखी यांत फायदा होऊ शकतो, यावर वैद्यकीय अभ्यास आहेत. पण ती गोळीची जागा नाही; गोळी कमी करायची की नाही हे तपासणी करून डॉक्टरने ठरवायचे. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन करू नये, रक्तदाब वाढलेला असताना जोरजोरात कपालभाती करू नये, हेही तेवढेच खरे. रोग बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींवरून पतंजली आयुर्वेदला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात माफी मागावी लागली आणि माफीनामे वर्तमानपत्रांत छापावे लागले, ही फार जुनी गोष्ट नाही.

प्रामाणिक अभ्यासाच्या अटी पतंजलींनीच घालून ठेवल्या आहेत: तो पुष्कळ काळ चालावा, मध्ये तुटू नये, आणि मनापासून व्हावा. लवचीकपणा त्या यादीत नाही.

सोंगणी करून आलेल्या बाईने कोणते आसन करावे?

शेतात राबणाऱ्यांना व्यायामाची काय गरज, हा प्रश्न मालेगाव तालुक्यातल्या कोणत्याही पारावर विचारला जाईल. प्रश्न बरोबर आहे, उत्तर अर्धवट मिळते. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. ऑक्टोबरात सोयाबीनच्या सोंगणीला गेलेली बाई दिवसभर कंबरेत वाकलेली असते, हातात विळा, वजन एकाच बाजूला. निंदणाला तासन्‌तास उकिडवी बसते. संध्याकाळी तिला कोणी पश्चिमोत्तानासन, म्हणजे पुन्हा पुढेच वाकणे, शिकवू लागले तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. तिला हवे आहे उलट दिशेचे: पालथे पडून हलकेसे भुजंगासन, पाठीवर पडून पाय खाटेवर ठेवणे, आणि दहा मिनिटांचे शवासन. शवासनाला तर घरात कोणाची हरकतही नसावी. पण स्वयंपाकाच्या वेळी बाई आडवी पडलेली दिसली तर हरकत असतेच. रोजच्या योगापुढचा खरा अडथळा बहुधा चटईचा नसतो, या दहा मिनिटांचा असतो.

बँकेत, शाळेत, दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याचे दुखणे वेगळे. त्याला उभे राहणे, ताणणे, चालणे हवे. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांना धावल्यानंतर मांड्या आणि पोटऱ्या सैल करणारी पाच आसने पुरतात. सर्वांना एकच पाऊण तासाचा नमुना देणे सोयीचे आहे, ओळख म्हणून चांगलेही आहे. अभ्यास म्हणून ते अपुरे पडते. एकेकाळी शिक्षक शिष्याचे शरीर पाहून आसन देत असे. ध्वनिक्षेपकावरून ते जमत नाही.

हा योग कोणाचा?

मालेगाव तालुक्यातच या प्रश्नाचे उत्तर दगडात आहे. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती अर्धपद्मासनात बसलेली आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्र’ लिहिले ते जैन परंपरेसाठी. डव्हा येथे नाथनंगे महाराजांचे संस्थान आहे, नावातच नाथ. आणि विदर्भातल्या असंख्य गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या शिकवणीनुसार सकाळी सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते. त्या ध्यानाला कोणी योगवर्ग म्हणत नाही, तिथे फलक नसतो, पण न चुकता रोज ठरल्या वेळी शांत बसणारी ती माणसे पतंजलींच्या अटींच्या जास्त जवळ आहेत.

ओंकार म्हणावा की नाही, हा वाद अधूनमधून उकरला जातो. ज्याला तो श्रद्धेने म्हणायचा आहे त्याला अडवू नये. ज्याच्या श्रद्धेत तो बसत नाही त्याने गप्प बसून श्वास मोजावा. गावातल्या मुसलमान शिक्षकाला वा विद्यार्थ्याला सतरंजीवर जागा हवी असेल, तर ती या एका अक्षरावर अडू नये. योगशिक्षकांपैकी अनेक जण हे बिनबोभाट करतातही. परीक्षा घेतल्यासारखी सक्ती मात्र दोन्हीकडून नुकसान करते.

तारीख बदलता येईल का?

२१ जून राहील, राहावा. पण ज्या तालुक्यात त्या दिवशी हात मातीत असतात, तिथे शिकवणीची सुरुवात वेगळ्या दिवशी करायला कोणाची परवानगी लागत नाही. नागपंचमीपर्यंत डवरणी-निंदण उरकत येते. रब्बीचा हरभरा उगवून आल्यावर थंडीत पहाटेचे दोन महिने मिळतात. आणि माघातली रथसप्तमी आहेच. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तो सूर्यनमस्कारांचा दिवस म्हणून पाळला जातो आणि डव्ह्याला त्याच दिवशी नाथनंगे महाराजांची यात्रा भरते. तोवर तूर घरात आलेली असते, थंडी ओसरायला लागलेली असते, आणि पंचक्रोशीतली माणसे तिथे जमलेलीच असतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांतली दहा माणसे कोणाच्या ओसरीवर पुन्हा बसली, तरी पेरणीपर्यंत चार महिन्यांचा अभ्यास होतो.