पऱ्हाटी जाळू नका, तिच्यात कागदाची खळ आहे

चंद्रपूर-गडचिरोलीत कागद म्हटला की बांबू आठवतो. पण बल्लारपूरची कंपनी 1945 साली स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात ‘स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ हे शब्द होते. स्ट्रॉ म्हणजे तणीस, शेतातला माल!

धानाचे तणीस गुरांच्या तोंडचे आहे, ते राहू द्या. मात्र वरोरा, राजुऱ्याकडील कपाशीची पऱ्हाटी चुलीत नाहीतर शेतातच जळते. तिच्यात हेमिसेल्युलोज हा स्टार्चच्याच जातीचा पदार्थ असतो. कापडवाल्यांना खळीची किंमत सांगायला नको. खळ दिलेला ताणा मागावर सहसा तुटत नाही. तसेच हेमिसेल्युलोज लगद्यात मिसळले की तंतू एकमेकांना घट्ट धरतात. कागद मिलवाले स्टार्च आणि ग्वार गम याचसाठी वापरतात. रद्दीचा कागद प्रत्येक फेरीला कमजोर होतो, त्याला तर याची अधिकच गरज.

2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर कागदी पिशवीला मागणी आली, पण फाटणारी पिशवी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही.

अल्कली वापरून हा पदार्थ काढताना काळे पाणी निघते. ते काम घरगुती कारखान्याचे नव्हे, मिलचे आहे. व्यापारी बांधवांनी पऱ्हाटी गोळा करून पुरवावी, कारागिरांनी पिशव्या कराव्यात. मात्र आधी नमुना तपासून घ्यावा, भांडवल मागाहून घालावे.