पाय जमिनीवर

विमान म्हटलं की आपण काय बघतो? पंख, शेपटी आणि विंडो सीट. इन्स्टावर टाकायला ढग. विमानाच्या पायांचा फोटो काढणारा प्राणी मला तरी अजून भेटलेला नाही. चाकं ज्यांना लावलेली असतात ते पाय, म्हणजे लँडिंग गिअर. उडताना त्यांचा उपयोग शून्य, उलट वाऱ्याला अडथळाच. पण उतरताना सगळा मामला त्यांच्यावर येतो आणि त्या क्षणी ‘सॉरी, आज जमणार नाही’ म्हणायची सोय नसते.

मोठ्या एअरलाइनच्या विमानाचं टेन्शन आपण घ्यायचं कारण नाही. तिथे इंजिनिअर आहेत, इंजिनिअरांवर इंजिनिअर आहेत. पण ज्याने विमान घरीच बनवलंय त्याचं काय?

हसू नका. असा माणूस आपल्या मुंबईतच आहे. कॅप्टन अमोल यादव. एअरलाइनमधली वैमानिकाची नोकरी सांभाळून त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर चक्क सहा सीटचं विमान बनवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. पुढे फायलींचा प्रवास. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदणी, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. आणि २०२० मध्ये ते विमान हवेत गेलं ते मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर धुळ्यात! गोंदूरच्या धावपट्टीवर.

ही बातमी खान्देशात लोकांच्या अजून तोंडी आहे. निदान माझ्या मामांच्या तरी. मामा राहतात वरणगावला. मुंबईहून नागपूरकडे निघालात की भुसावळनंतर लगेच लागतं ते. फास्ट गाडीत झोप लागली असेल तर कळतही नाही. जुन्या सहा नंबरच्या हायवेवरून धुळ्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. केळीच्या बागा, मे महिन्यात डोकं फिरवणारं ऊन आणि १९६४ सालापासून असलेली ऑर्डनन्स फॅक्टरी. रायफलची काडतुसं बनवणारी ही फॅक्टरी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. मामा त्याआधीच तिथून रिटायर झाले. आत नेमकं काय करायचे ते आजतागायत सांगितलेलं नाही, मामींनाही नाही. पण धातू वाकवण्यावर विषय निघाला की गडी थांबत नाही.

घरच्या विमानांवर कॉलम लिहायचाय म्हटल्यावर मामा म्हणाले, “अगं, विमान राहू दे. आधी एक पट्टी वाकवून दाखव.”

मग काय, स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्या दुकानातून अॅल्युमिनियमच्या तीन पट्ट्या आणल्या. पहिली वाइसमध्ये पकडून हातोडीने काटकोनात वाकवली. बाहेरची बाजू आधी खरखरीत झाली, संत्र्याच्या सालीसारखी. अजून दोन ठोके, आणि वळणावर टच्चकन भेग.

दुसऱ्या पट्टीवर मामांनी अंघोळीचा साबण घासला आणि ती गॅसच्या बर्नरवर धरली. साबण काळा पडला तशी बाजूला काढली. अॅल्युमिनियम वितळायच्या आधी लोखंडासारखं लालबुंद होत नाही, त्यामुळे किती तापलं ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून हा साबणाचा फंडा. गार झाल्यावर ती पट्टी हाताने वाकली. भाकरीच्या पिठासारखी! ना भेग, ना खरखर. पुसल्यावर चकाचक.

“आता मला सांग,” मामा म्हणाले, “यातली कुठली पट्टी विमानाला लावशील?”

कोणीही दुसरीच म्हणेल. आणि सगळी गोम तिथेच आहे. पहिली पट्टी तुटली, पण निदान सांगून तुटली. दुसरी दिसायला छान आहे, मात्र तिची ताकद गॅसवर गेली. पुन्हा वाकवायला जा, हातात पुन्हा तशीच वळेल. विमानाखाली असती तर पहिल्या जोराच्या लँडिंगला विमान पोटावर बसलं असतं.

अॅल्युमिनियमची ही ताकद येते कुठून? यामागे एक मस्त वीकेंडची गोष्ट सांगतात. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म नावाचा जर्मन धातुतज्ज्ञ अॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं वगैरे घालून, तापवून, पाण्यात बुडवून बघत होता. शनिवारी मोजलं तर फार काही विशेष नाही. रविवारी सुट्टी. सोमवारी येऊन पुन्हा मोजलं तर तोच तुकडा जास्त कडक! कोणी हातही लावला नव्हता. आतल्या आत बारीक कण तयार होत होते आणि ते धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नव्हते. त्यातून ड्युराल्युमिन आलं आणि विमानं धातूची झाली. सुट्टीत काम पुढे सरकल्याचं हे एकमेव उदाहरण मी आमच्या एचआरला नक्की पाठवणार आहे.

आजच्या घरगुती विमानांच्या पायांत ७०७५ नावाचा मिश्रधातू लोकप्रिय आहे. यात जस्त जास्त असतं. तो साधारण ४७० अंशांवर तापवायचा, काही सेकंदांत पाण्यात बुडवायचा आणि मग १२० अंशांवर २४ तास ठेवायचा. एवढं झालं की त्याला म्हणतात टी-६. या अवस्थेत तो साध्या पोलादाला भारी पडतो आणि वजन मात्र त्याच्या जवळपास एक तृतीयांश. पायाची रचना तर इतकी साधी की विश्वास बसत नाही. एक जाड पट्टी, दोन-तीन ठिकाणी वाकवलेली, टोकांना चाकं. शॉक अॅब्झॉर्बर नाही, तेल नाही. पट्टीच स्प्रिंग. विमान टेकलं की पाय फाकतात आणि परत जागेवर येतात.

टेकणं म्हणजे तरी किती जोरात? छोट्या विमानांसाठीच्या अमेरिकन नियमांत सेकंदाला ७ ते १० फूट खाली येण्याचा वेग धरायचे. सरळ भाषेत, ९ ते साधारण १९ इंचांवरून विमान खाली सोडून देणं. तुम्ही आत्ता बसलाय त्या ऑफिसच्या खुर्चीची उंची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाचशे-सहाशे किलोचं धूड घेऊन ती उडी मारून बघा.

आता वाकवायचं गणित. पट्टी वाकली की आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणते. पट्टी २० मिलिमीटर जाड आणि आतली गोलाई तिच्या तिप्पट, म्हणजे ६० मिलिमीटर त्रिज्येची ठेवली, तर बाहेरची बाजू सुमारे १४ टक्के ताणली जाते. टी-६ मधला ७०७५ तर साधारण ११ टक्क्यांनाच दम सोडतो. गोलाई जाडीच्या सहापट केली की ताण आठ टक्क्यांच्या आत येतो. म्हणून शहाणे कारागीर आधी मऊ पट्टी वाकवतात आणि मग सगळी भट्टी करून तिला टी-६ बनवतात. त्यातही पाण्यात बुडवताना ती वेडीवाकडी होते ते वेगळंच. घरच्या गॅरेजमध्ये ही भट्टी जमत नाही, हे काम बाहेर द्यावं लागतं आणि पैसे जातात. मग कोणाला तरी आठवतो गॅसचा बर्नर. ‘वळणापुरतंच तर तापवायचंय...’

असं तापवलेलं वळण भिंगातून पाहिलं तरी निर्दोष दिसतं. ते पकडायला कडकपणा मोजावा लागतो. ब्रिनेल मापात टी-६ चा आकडा १५० च्या आसपास, मऊ झालेल्याचा ६० च्या. ते मोजायचं छोटं हातयंत्र मिळतं, पण ते हातात घ्यायला आधी शंका यावी लागते ना! आणि शंका येणार कोणाला?

इथे मामांनी पितळाचा किस्सा सांगितला. काडतुसाची नळी पितळेची असते आणि ती गार असतानाच ओढून-दाबून बनवतात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातली फौज पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की काडतुसं तबेल्यात ठेवायची. पाऊस संपल्यावर बघावं तर कित्येक नळ्यांना आपोआप तडे! ना कोणी गोळी झाडलेली, ना कोणी आपटलेली. कारण कळलं ते १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि नळी घडवताना धातूत अडकून राहिलेला ताण, या तिघांनी मिळून पितळ फोडलं होतं. उपाय सोपा निघाला. घडवल्यावर नळी बेताने तापवायची की आतला ताण सैल पडतो.

पितळेची ही सवय ७०७५ लाही आहे. अमोनिया लागत नाही, खारी दमट हवा पुरते. टी-६ अवस्थेत, आत ताण अडकलेला असेल, तर जागेवर उभ्या विमानाच्या पायाला भेग पडू शकते. म्हणून टी-७३ नावाचा प्रकार निघाला. जास्त वेळ भट्टीत ठेवलेला, ताकद दहा-पंधरा टक्के कमी, पण असा फुटत नाही. चारकोपच्या गच्चीवर काय आणि गोव्यात काय, समुद्राजवळ विमान ठेवणाऱ्याने हा सौदा करावा असं माझं मत. धुळ्याच्या कोरड्या हवेत टी-६ कदाचित आयुष्य काढेलही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच हवेत चालत नाही. जोरात लँडिंग झालं, पाय कायमचा फाकला, आणि मालकाने तो प्रेसखाली घालून परत सरळ केला! एकदा ताणलेली बाजू आता दाबली, परत उतरताना ती पुन्हा ताणली जाणार. सेफ्टी पिन इकडेतिकडे वाकवून तोडतो ना आपण, तोच प्रकार. असा पाय भंगारात टाकायचा. पण नवा पाय महाग आणि वीकेंडला तर उडायचंय, त्यामुळे मन काहीही पटवून देतं.

मला खरा पेच वाटतो तो हाच. फॅक्टरीत काडतूस बनवणारे वेगळे आणि ते पास करणारं संरक्षण खात्याचं गुणवत्ता तपासणारं खातं वेगळं. एअरलाइनमध्येही नाजूक कामावर दुसऱ्याची सही लागते. घरच्या विमानात मात्र वाकवणारा तोच, तपासणारा तोच आणि वर बसून उडणाराही तोच. अमेरिकेत तर बनवणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचं सर्टिफिकेटही मिळतं. स्वतःच्या कॉपीतली चूक स्वतःला दिसत नाही, हे आमच्या धंद्यात ट्रेनी सबएडिटरलाही ठाऊक असतं. तिथल्या हौशी विमानकारांची एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन म्हणून १९५३ पासूनची संघटना आहे. तिने यावर झकास तोडगा काढलाय. अनुभवी सभासद फुकटात तुमच्या गॅरेजमध्ये येतात आणि अर्धवट विमान बघून जातात. ना सरकारी शिक्का, ना फी. नुसता दुसरा डोळा.

तिसरी पट्टी राहिलीच की. ती मामांनी जाड पाइपवर हळूहळू, मोठ्या गोलाईत वाकवली. रेघ मारायला टोकदार सुई नाही, साधा मार्कर वापरला, कारण सुईचा ओरखडा म्हणजे भेगेला आयतं आमंत्रण. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तपासणी. सहाला का? तर वेल्डिंगच्या दुकानातून आणलेले डीपी टेस्टचे स्प्रे धातू पन्नास अंशांच्या वर तापला की नीट चालत नाहीत आणि वरणगावच्या उन्हात दुपारी पट्टीवर पापड भाजता येतो.

स्प्रेच्या आधी मामांनी दहापट भिंगातून वळण पाहिलं. “क्लीन आहे.” मलाही क्लीनच दिसलं. दुकानातला पोऱ्या स्प्रे परत न्यायला थांबला होता. त्याने मोबाइलचा टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून तिरका मारला आणि म्हणाला, “मामा, कडेला काहीतरी आहे.”

“करवतीची खूण असेल.”

पट्टी पुसली, लाल रंग मारला, पंधरा मिनिटं थांबलो. मामींनी चहा आणला. रंग कापडाने स्वच्छ पुसून वरून पांढरा स्प्रे दिला. भेग असली तर तिच्यात शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्या पुडीत वर येतो. आधी काहीच नाही. मग कडेपाशी, जिथे कापल्यावर कानस फिरवायची राहिली होती तिथून, एक लाल रेघ हळूहळू उमटली. केसाएवढी बारीक.

मामांनी चष्मा काढून पुसला, व्हर्निअरने रेघ मोजली आणि पट्टीवर मार्करने लिहिलं, ‘६ मिमी’. खाली तारीख. पोऱ्याला म्हणाले, “तुझं नाव पण लिही.”