परजीवीच्या माथी माणसाचा स्वभाव

‘मांजराच्या पोटातला जंतू तुमच्या मेंदूचा ताबा घेतो’ ही बातमी आपल्याकडच्या विज्ञानपानांवर पुन्हा पुन्हा उगवते. टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी कधी माणसाला बेदरकार चालक बनवतो, २०१८ साली त्याने विद्यार्थ्यांना उद्योजकतेकडे वळवले आणि २०२२ मध्ये तर माणसांना देखणेही केले! या शेवटच्या अभ्यासात संसर्ग झालेली माणसे होती अवघी ३५. मथळ्यात हा आकडा कुठे दिसला होता का?

या कथेचा उगम उंदरांत आहे. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले की संसर्ग झालेल्या उंदरांना मांजराच्या वासाची भीती उरत नाही. मांजराच्या आतड्यातच या परजीवीचे लैंगिक पुनरुत्पादन होते, त्यामुळे ‘उंदराला त्याने मुद्दाम मांजराच्या तोंडी दिले’ ही कल्पना सर्वांना मोहून गेली. पुढे २०२० मध्ये जिनिव्हातील प्रयोगांत आढळले की अशा उंदरांची भीती सरसकटच कमी होते, आणि तिचा संबंध मेंदूतील दाहाशी आहे. म्हणजे उंदरांतही ‘नेमके नियंत्रण’ ही भाषा डळमळीत झाली. माणसाबद्दल मात्र ती बिनदिक्कत वापरली जाते.

माणसांवरील बहुतेक अभ्यासांची रीत एकच. रक्तातील प्रतिपिंडे तपासायची, प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि दोन गटांत फरक शोधायचा. प्राग येथील यारोस्लाव्ह फ्लेगर यांनी १९९०च्या दशकापासून हे काम चिकाटीने केले आहे. त्यांच्या परिश्रमांविषयी शंका नाही. परंतु कॅटेलच्या चाचणीत स्वभावाचे सोळा घटक असतात. पुरुष आणि स्त्रिया वेगळे तपासले की तुलना होतात बत्तीस. पाच टक्क्यांची मर्यादा धरली, तर काहीही संबंध नसताना एक-दोन ‘लक्षणीय’ फरक आपोआप सापडणार. त्यात काही गुणांबाबत पुरुषांत एक दिशा आणि स्त्रियांत उलटी दिशा निघाली, तरी तीही परजीवीचीच करामत ठरली. कोणताही निष्कर्ष ज्याला चालतो, त्या गृहीतकाची परीक्षा घ्यायची कशी?

प्रागमधलाच २००२चा अपघातांचा अभ्यास पाहा. अपघातात सापडलेले १४६ जण आणि त्याच परिसरातील ४४६ रहिवासी यांची तुलना झाली, धोका २.६५ पट निघाला. आता रोज आठ तास रस्त्यावर असणारा आणि घरी बसणारा यांचा हिशेब एकाच तराजूत कसा मांडायचा? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढेच यातून कळते.

याउलट न्यूझीलंडमधील ड्युनेडिनचा अभ्यास, २०१६. एकाच शहरात जन्मलेल्या, बालपणापासून पाहणीत असलेल्या ८३७ जणांपैकी २८ टक्क्यांत प्रतिपिंडे आढळली. छिन्नमनस्कता, नैराश्य, उतावळेपणा, स्मरणशक्ती यांपैकी कशाशीही ठोस संबंध दिसला नाही. आत्महत्येच्या प्रयत्नांबाबत अंधूक सूचना तेवढी मिळाली. आपल्याकडच्या किती वाचकांपर्यंत हा निष्कर्ष पोहोचला?

छिन्नमनस्कतेचा प्रश्न मी झटकून टाकत नाही. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर रुग्णांत प्रतिपिंडे असण्याची शक्यता सुमारे २.७ पट निघते, हे गंभीरपणे घ्यायला हवे. पण आजार आधी की संसर्ग आधी, हे प्रतिपिंडे सांगत नाहीत.

आता भारत. प्रजननक्षम वयातील स्त्रियांच्या २०१४च्या पाहणीत देशभरात २२.४ टक्के जणींत प्रतिपिंडे आढळली, दक्षिणेत ३७.३, पश्चिमेत ८.८. मग दाक्षिणात्य स्वभावाचा सिद्धान्त उद्या कोणी मांडायचा का? हा संसर्ग माती, पाणी आणि अर्धकच्च्या मांसातून होतो, वयाबरोबर वाढतो. ओलसर मातीत परजीवीच्या पुटी दीर्घकाळ तगतात. घर, पाणी, गरिबी यांचा शिक्षणावर आणि मनःस्वास्थ्यावर जो स्वतंत्र परिणाम होतो, तो वजा न करता परजीवीकडे बोट दाखवणे हा आळस आहे.

या आळसाची किंमत इतरांना मोजावी लागते. रुग्णाचे कुटुंब स्वतःला दोष देते, पाळलेले मांजर रस्त्यावर येते. आणि खरा धोका, म्हणजे गरोदरपणी प्रथमच झालेला संसर्ग किंवा एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाचा मेंदूदाह, त्याच बातमीत तळाच्या ओळीत जातो. मांजर सहसा आयुष्यात एकदाच, एखाद-दोन आठवडे पुटी बाहेर टाकते. त्या संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. विष्ठा रोज उचलावी, गर्भवतीने ते काम दुसऱ्याकडे सोपवावे, आणि मांस नीट शिजवावे.